ओरिजिनल नक्कल

गडाच्या पायथ्याशी एकाच ताडपत्रीखाली लिंबू सरबत, भाजलेली कणसं, प्लॅस्टिकचे जिरेटोप आणि तलवारी मिळतात. तलवारी दोरीला ओळीनं टांगलेल्या असतात. सगळ्या एकाच साच्यातल्या. एकीच्या मुठीवरचा सिंह जेवढा खिन्न, तेवढाच दुसरीच्याही. या ओळीपुढे उभं राहून गिऱ्हाईक विचारतं, "ओरिजिनल आहे का?" दुकानदार शांतपणे सांगतो, "एकदम ओरिजिनल, दादा. महाराजांच्या तलवारीची सेम टू सेम." दोघांपैकी कुणीही हसत नाही.

गिऱ्हाईक वेडं नसतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीची तलवार कणसांच्या शेजारी, घासाघीस करून, यूपीआयवर मिळणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याला विचारायचं असतं ते एवढंच, की ही नक्कल खरी आहे का. प्रश्न रास्त आहे. नकलेतही चांगली-वाईट असतेच. शिवाय काही नकला इतक्या स्वतंत्र प्रतिभेच्या असतात की त्यांचं मूळ शोधायला इतिहासाच्या पुस्तकात नव्हे, मालिकेच्या सेटवर जावं लागतं.

मराठी माणूस तलवार क्वचित विकत घेतो, पण पारखतो नेहमी. कुणाच्या दिवाणखान्यात भिंतीवर तलवार दिसली की पाहुणा चहा येईपर्यंत ती खाली उतरवतोच. चहा येतो तेव्हा ती त्याच्या हातात असते, यजमानीण कपबशीसह भिंतीला टेकून उभी असते, आणि निकाल जाहीर होत असतो.

निकाल देणाऱ्यांचे पंथ आहेत. पहिला टिचकी पंथ. कलिंगड घेताना लागलेली सवय ही मंडळी तलवारीवर चालवतात. पात्यावर नखानं टिचकी मारायची, कान जवळ न्यायचा, डोळे मिटायचे. "ऐकलंत? पोलाद बोलतंय." पोलाद बोलतं हे खरं, पण स्टेनलेसची पट्टीही तितकंच गोड बोलते. टिचकीतून खात्रीनं कळतं ते इतकंच, की मूठ सैल असेल तर ती खुळखुळते, आणि ते टिचकी न मारताही कळलं असतं.

दुसरा पंथ आवाजाचाच, पण सिनेमातल्या. तलवार म्यानातून उपसली की 'श्शिंग' असा आवाज झाला पाहिजे, नाहीतर यांचं समाधान होत नाही. जुनी म्यानं लाकडाची, वरून चामडं किंवा मखमल चढवलेली. लाकडातून पातं काढताना फार तर घसटल्यासारखा आवाज येतो. पण गिऱ्हाइकाला श्शिंग हवं, म्हणून आताच्या म्यानाच्या तोंडाशी पत्रा बसवतात. पातं दरवेळी त्या पत्र्यावर घासतं आणि सुरेल बोथट होत जातं. या तलवारींना मुळात धारच नसल्यामुळे या नुकसानीची वाच्यता कुणी करत नाही.

सर्वांत मोठा पंथ मात्र वजनाचा. तलवार हातात घेतल्याबरोबर मनगट खाली गेलं पाहिजे. गेलं की यांचा चेहरा उजळतो. "हं! ही खरी! काय माणसं असतील हो ती." आणि मग आकडे सुरू होतात. पंधरा किलो, पंचवीस किलो, साठ किलो. आकड्याबरोबर पूर्वजांची उंची, छाती आणि आहारही वाढत जातो. आपल्याकडे याला एक भक्कम आधारही सापडतो. जेजुरीला खंडोबाचा खंडा आहे, ४२ किलोचा, आणि दसऱ्याला तो एका हातानं तोलून धरायची, दातांनी उचलायची स्पर्धा लागते. ती बघून आलेल्या माणसाला तलवार एक किलोची असते हे पटवणं अवघड. पण तो खंडा देवाला वाहिलेला. देवाला तो घेऊन दिवसभर घोड्यावरून दौड मारायची नसते.

लढाईची तलवार साधारण किलोभराची. थोडी कमी, थोडी जास्त. संग्रहालयांनी जुन्या तलवारी तराजूत घालून पाहिल्या आहेत आणि युरोपातल्या लांबलचक दुहाती तलवारीही लोकांच्या कल्पनेच्या मानानं फारच किरकोळ भरल्या. कारण उघड आहे. समोरच्याच्या हातात किलोभराची असेल आणि आपल्या हातात पंधरा किलोची, तर आपली पहिल्यांदा वर जाईपर्यंत त्याचं काम आटोपून तो पुढच्या माणसाकडे गेलेला असेल.

मग दुकानातली नक्कल जड का? तर आळसामुळे. जुनं पातं मुठीजवळ पाच-सहा मिलिमीटर जाड असतं आणि टोकाकडे बारीक होत होत त्याच्या निम्म्यावर येतं. हा उतार आणायला लोहाराला ठोकत बसावं लागतं. आताची तलवार पत्र्यातून कापतात, त्यामुळे ती मुठीपाशी जेवढी जाड तेवढीच टोकापाशी. सगळा भार पुढे. तलवार घेणाऱ्यानं एवढी एकच गोष्ट बघितली तरी पुष्कळ झालं: पात्याला डोळ्यासमोर आडवं धरायचं आणि पाठीची जाडी शेवटपर्यंत न्याहाळायची. पण ही परीक्षा करताना चेहऱ्यावर काही रुबाब येत नाही, माणूस खिडकीची चौकट सरळ आहे का ते बघणाऱ्या सुतारासारखा दिसतो. म्हणून ती कुणी करत नाही.

अलीकडे एक नवा, सुशिक्षित पंथ निघाला आहे. हे लोक परदेशी व्हिडिओ बघतात. दुकानात शिरल्या शिरल्या विचारतात, "फुल टँग आहे का?" म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग आरपार जाऊन मागच्या टोकाला बाहेर निघतो का. प्रश्न युरोपी तलवारीपुरता अगदी बिनतोड. स्वस्त शोभेच्या तलवारीत पात्याला मागे एक बारीकशी सळई डाग देऊन जोडलेली असते. जोरात फिरवली तर मूठ आपल्या हातात राहते आणि पातं शेजाऱ्याच्या गच्चीवर जातं. पण हाच प्रश्न अस्सल हिंदुस्थानी तलवारीला विचारला तर ती नापास होते. तिची शेपटी आखूड. मुठीच्या पोकळीत लाख-राळेचं मिश्रण गरम करून ओतायचं, त्यात ती आखूड शेपटी खुपसायची, थंड होऊ द्यायचं. झालं. अशा तलवारी घेऊन लोकांनी राज्यं घेतली आणि घालवली. शिवाय यात एक सोय होती. मूठ तापवली की पातं मोकळं. पातं आजोबांच्या काळचं आणि मूठ नातवाच्या हौसेची, अशा कितीतरी तलवारी संग्रहालयांतही आहेत. त्यांतली ओरिजिनल कोणती, आजोबांची की नातवाची, यावर अभ्यासक आपसांत भांडू शकतात. व्हिडिओवाल्याला तेवढा वेळ नसतो. तो "लाखेनं चिकटवलीये? चीटिंग!" म्हणून बाहेर पडतो.

आता रूपाकडे येऊ. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे जी 'शिवकालीन' तलवार असते तिची मूठ पितळी, तिच्यावर सिंहाचं तोंड, म्यान लाल मखमलीचं, त्यावर सोनेरी जर, आणि पात्यावर दोन्ही बाजूंनी नक्षी. जुनी खरी तलवार हिच्या शेजारी ठेवली तर गरिबाघरची दिसते. साधी लोखंडी मूठ, मागे चकतीसारखी कटोरी, हाताचं रक्षण करायला परज, बस्स. त्यात मूठ इतकी आटोपशीर की आजच्या खात्यापित्या तळव्यातली चार बोटं तिच्यात मावता मावत नाहीत. मग मागणी तसा पुरवठा. कारखान्यात मूठ रुंद होते, सिंह मोठा होतो, आणि पुढच्या मालिकेत तीच तलवार नायकाच्या हाती येते. ती बघून पुढचं गिऱ्हाईक म्हणतं, "अगदी तशीच पाहिजे." कॅलेंडर, मालिका, कारखाना आणि गिऱ्हाईक असं हे चक्र आहे. त्यात इतिहासानं कुठून घुसायचं?

हा प्रकार फक्त आपल्याकडेच चालतो असं नाही, एवढाच दिलासा. स्पेनमधलं तोलेदो गाव शतकानुशतकं पात्यांसाठी नावाजलेलं. आज तिथल्या पर्यटकी दुकानांत हॉबिटांच्या सिनेमातल्या तलवारी मिळतात. त्याही ओरिजिनल.

खरी पंचाईत होते ती स्वदेशीच्या मुद्द्यावर. गिऱ्हाइकाला तलवार मराठमोळी हवी, पात्यासकट. आता २०२५ साली महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपये मोजून घेतली. तिच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव, सेनासाहेबसुभा हा किताब आणि 'फिरंग' असं लिहिलं आहे. मूठ इथली, पातं युरोपचं. यात लपवाछपवी नव्हती. सतराव्या-अठराव्या शतकात दख्खनमध्ये युरोपी पात्यांना भाव होता. जर्मनी, इटली, स्पेनकडून पाती येत, इथले कारागीर त्यांना आपली मूठ चढवत, आणि सरदार ती मिरवत. ज्या तलवारीसाठी १९८० साली मुख्यमंत्री अंतुल्यांनी लंडनकडे मागणी लावली, त्या इंग्लंडच्या राजसंग्रहातल्या तलवारीचंही तसंच. १८७५-७६च्या दौऱ्यात कोल्हापूरच्या छत्रपतींकडून ती प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेली, आणि तिच्या सरळ, एकधारी पात्यावर 'आयएचएस' ही ख्रिस्ती अक्षरं ठसवलेली आहेत.

आता कल्पना करा, एखाद्या चोखंदळ कारागिरानं तिची तंतोतंत नक्कल केली आणि ताडपत्रीखाली टांगली. सरळ पातं, रोमन अक्षरांचा ठसा, सिंह नाही. गिऱ्हाईक ती हातात घेणार, वजन बघून नाक मुरडणार, अक्षरं बघून चमकणार. "ओ भाऊ, हे काय? इंग्लिश? चायना माल दिसतोय!" आणि शेजारची सिंहाची घेऊन गड चढायला लागणार.

शिक्क्यांवर विश्वास ठेवावा, तर तिथली कहाणी आणखी सुरस. जर्मनीतल्या पासाऊ गावच्या पात्यांवर पळत्या लांडग्याची खूण असायची. माल चांगला म्हणून खूण नावारूपाला आली. लगोलग झोलिंगेनच्या लोहारांनीही आपल्या पात्यांवर लांडगे सोडले. आंद्रेआ फेरारा हा सोळाव्या शतकातला इटालियन कारागीर. त्याचं नाव त्याच्या पश्चात कितीतरी वर्षं स्कॉटलंडमधल्या तलवारींवर उमटत राहिलं, तेही मनाला येईल त्या स्पेलिंगनं. पाती बहुतेक जर्मनीतली. त्याच्याही आधी, नवव्या ते अकराव्या शतकांत, उत्तर युरोपात 'उल्फबर्ट' हे नाव पात्यात जडवलेल्या तलवारी मिळायच्या, नावाबरोबर क्रॉसची खूणही. त्यातल्या काहींत क्रॉस भलत्याच अक्षरापाशी पडला आहे, आणि धातुशास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा तसल्या तलवारींचं पोलाद बहुधा हलकं निघालं. हजार वर्षांपूर्वीही डुप्लिकेट माल शुद्धलेखनावरून ओळखू येत होता, हे वाचून मला मराठीच्या मास्तरांची आठवण झाली. इराणात इस्फहानच्या असदुल्लाचं नाव इतक्या पात्यांवर आहे की तो माणूस झोपायचा कधी हा प्रश्न पडावा. आपले लोहारही मागे नव्हते. इटलीच्या पात्यांवर पापण्यांसारखे दातेरी अर्धगोल ठसे असत. इथं ठोकलेल्या देशी पात्यांवर ते हौसेनं उतरवलेले दिसतात. देशी मालावर विलायती शिक्का, ही कला फार जुनी आहे.

गंमत म्हणजे त्या सगळ्या डुप्लिकेट तलवारी आज काचेच्या कपाटात आहेत. तीनशे वर्षं टिकून राहिलं की बनावट मालही अस्सल होतो. या हिशेबानं ताडपत्रीखालच्या सिंहाला नुसता धीर धरायचा आहे.

धीर नसलेले तो विकत आणतात. नव्या तलवारीला मिठाचं पाणी, ॲसिड, मातीत पुरणं असे संस्कार केले की काही आठवड्यांत ती 'आमच्या पणजोबांना विहिरीत सापडलेली' होते. ओळखायची खूण साधी आहे. खरं जुनेपण सगळीकडे सारखं नसतं. जिथं हात लागत आला तो भाग गुळगुळीत, जिथं बोट पोचत नाही तिथं गंज साचलेला. बनावट म्हातारी तलवार सगळीकडून सारखीच म्हातारी असते. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जौहराची नक्षी दाखवतात, तीही बघावी. जुन्या पोलादात ती अंगची असायची, आतल्या कर्बाच्या रचनेतून उमटलेली. आता ॲसिडनं वरवर काढून मिळते, आणि दोन इंचांनंतर तीच लहर परत येताना दिसली तर ती छापील समजावी. लेख असेल तर आणखी बरं. एका पात्यावर मी 'इ.स. १६७४' असं ठसठशीत कोरलेलं वाचलं आहे. त्या काळात लिहिणाऱ्यानं शके १५९६ लिहिलं असतं. पण दुकानदाराचं म्हणणं, "साहेब, शके लिहिलं तर लोकांना कळत नाही कधीची ते." आता यावर काय बोलणार? अक्षरंही कॉम्प्युटरच्या लग्नपत्रिकेतली होती.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचा या मंडळींपुढे निभाव लागला नसता. २०२४ साली साताऱ्यात दर्शनाला आलेल्या त्या वाघनखांबद्दल त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, की हीच ती, याची खातरजमा आम्हाला करता आलेली नाही. संग्रहालय दीडशेहून अधिक वर्षांचं आणि अजून धंद्याची ही अक्कल नाही. आमचा ताडपत्रीवाला लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट देतो.

स्टीलबद्दलची भांडणं तर दुकानात रोज होतात. गिऱ्हाईक तलवार परत आणतं: "चार महिन्यांत गंजली. फसवलंत!" वास्तविक गंजली म्हणजे ती साध्या कर्बयुक्त पोलादाची, थोडक्यात बरी निघाली. न गंजणारी ती स्टेनलेसची. चमकते आरशासारखी, पण एवढ्या लांबीच्या पात्याला ते ठिसूळ पडतं. चांगलं स्प्रिंगचं पोलाद, ट्रकच्या पाट्याला लागतं त्या जातीचं, वाकवलं तर परत सरळ होतं, आणि तेल न लावता ठेवलं तर गंजतं. आपल्याकडे तलवारीला तेल लागतं हे कुणाला माहीत नसतं. तिला वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ओलं हळदकुंकू लागतं. ते पुढच्या खंडेनवमीपर्यंत तसंच राहतं. पात्यावर बोटांच्या आकाराचे पाच तांबूस डाग बघायला मिळाले तर ती तलवार श्रद्धाळू घरातली आहे असं खुशाल समजावं.

वाकवून बघणारेही असतात. त्यांना बळ मिळालं २०२४ पासून, सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला तेव्हापासून. पट्ट्याचं पातं लवचिक असतं हे ऐकून हे लोक दुकानातली कुठलीही तलवार गुडघ्यावर धरून वाकवतात. ती वाकते. मग सगळे तिच्या सरळ होण्याची वाट बघतात. ती होत नाही. गिऱ्हाईक विजयी मुद्रेनं म्हणतं, "बघा, डुप्लिकेट!" आणि दुकानदार म्हणतो, "बघा, आता ही तुमची." या प्रसंगात दोघांचंही बरोबर असतं.

मात्र सगळ्यांत जास्त तलवारी खपतात त्या ज्यांना कुणीच पारखत नाही. त्या सत्काराच्या. शाल, श्रीफळ, फेटा आणि तलवार असा संच असतो. व्यासपीठावर साहेबांच्या हातात तलवार देतात, साहेब ती उपसायला जातात, ती निम्म्यात अडकते. एक कार्यकर्ता म्यान धरतो, दुसरा साहेबांना धरतो, आणि ती निघते तेव्हा पहिल्या रांगेतले पत्रकार एकदम मागे सरकतात. या तलवारीला धार, वजन, तोल, कशाचीच गरज नाही. तिला कॅमेऱ्यात चमकायचं असतं आणि ते काम ती चोख करते. पुढे नारळाची चटणी होते, शाल दुसऱ्याच्या सत्काराला जाते, फेटा सुटतो. तलवारीचं काय करायचं हे कुणाला सुचत नाही. ती गाडीच्या डिकीत स्टेपनीखाली सतरा गावं फिरते.

राहता राहिला तज्ज्ञांचा दाखला. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२च्या कायद्यानं पुरावशेष ठरते. ती विकायला परवाना लागतो. शस्त्राचा कायदा १९५९चा, त्याचे नियम वेगळे. त्यामुळे एकाच तलवारीचं वय ऐकणारा कोण यावर ठरतं. हौशी गिऱ्हाइकाला ती तीनशे वर्षांची. पुरातत्त्व खात्याचा माणूस आला की परवाच्या ट्रान्सपोर्टनं आली. पोलीस दिसले की तलवार नव्हेच ती, शोपीस.

पोलिसांना मात्र शोपीस पटत नाही. गल्लीतल्या एखाद्या भाईचा वाढदिवस असतो. रस्त्याच्या मधोमध गाडीच्या बॉनेटवर केक, केकवर भाईचा फोटो, आणि भाई तो तलवारीनं कापतात. रील निघतं, रात्रीत पसरतं, सकाळी पोलीस दारात. आणि मग होतो तो पंचनामा. तलवारीचं इतकं प्रामाणिक वर्णन मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. टिचकी नाही, परंपरा नाही, सिंहाचं कौतुक नाही. टेप लावून पात्याची लांबी, मुठीची लांबी, मध्यभागी रुंदी, एका बाजूस धार आहे किंवा नाही, मूठ पिवळसर धातूची, टोकाकडील भागास पांढरा चिकट पदार्थ लागलेला. पंच सह्या करतात. भाईनं मोजलेले असतात बारा हजार, सर्टिफिकेटसकट. कागदावर येतं: एक लोखंडी तलवार, जु. वा. किं. अं. रुपये पाचशे.

जुनी वापरती, किंमत अंदाजे. भाई हवालदारांना अजिजीनं सांगत असतात की साहेब, नवी कोरी आहे हो, परवाच घेतली.